पिंपावरचा दगड

आमच्या मिनासावातली बाई नवऱ्याची एखादी भानगड पोटात घालेल, पण हिवाळ्यात तिच्या लोणच्याच्या पिंपाला परक्याने हात लावलेला तिला खपणार नाही. मुळे दांडीवर सुकवायचे, कोंड्यामिठात थरावर थर रचायचे, वर लाकडी झाकण आणि झाकणावर नदीतला जड, गुळगुळीत दगड. नवं वर्ष उजाडेपर्यंत तो दगड हलवायचा नाही. परक्याचा हात लागला की पिंप नासतं, असं माझी सासू सांगायची आणि तिची सासू तिला. मी आयुष्यभर लोणच्याचं दुकान चालवलं, त्यामुळे मला पक्कं ठाऊक आहे की पिंप नासतं ते मीठ कमी पडल्यामुळे. पण हे गिऱ्हाइकांना सांगून स्वतःच्या पोटावर पाय कोण आणेल?

दुकान मी चालवायची, कारण नवरा कादंबऱ्या लिहायचा. तोकुजी शिबुए हे नाव तुम्ही ऐकलं नसेल तर लाजू नका, टोकियोतही कुणी ऐकलेलं नाही. दिवसा ते शाळेत इतिहास शिकवायचे, म्हणून सगळा गाव त्यांना मास्तर म्हणायचा. कालवा खणणारा मुकादम, सरदाराचा वैद्य, मिठावरच्या कराविरुद्ध उठलेले कोळी, अशा माणसांवर ते लिहायचे. एक माणूस दिवसभरात पायी जिथवर पोहोचेल, त्याच्या पलीकडचं त्यांनी कधी काही लिहिलं नाही. पलीकडच्यांनीही त्यांचं कधी काही वाचलं नाही, हिशेब चुकता.

आमच्या घराला ग्रहण लागलं ते ओरित्सुपासून. तेव्हा हे तिशीत होते आणि जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात त्यांची कादंबरी रोज थोडी थोडी छापून यायची. शोगुनचं राज्य बुडालं त्या वर्षी बादशहाचं सैन्य नदीकाठाने वर आलं आणि आमच्या सरदाराने एक तलवारही न उपसता गड त्यांच्या हवाली केला. कादंबरीत शेवटी हेच यायचं होतं. संपादकाचा फोन आला, "मास्तर, वाचक जांभया देतायत हो. शेवटी कुणीतरी मेलंच पाहिजे." त्याच दुपारी वाऱ्याने माझा वाळत घातलेला पांढरा किमोनो दांडीवरून उडाला आणि मागच्या कालव्यात पडला. मी आरडाओरडा केला. हे खिडकीत येऊन बघत राहिले, काढायला काही खाली आले नाहीत. आठवड्याने वर्तमानपत्रात ओरित्सु नावाच्या दासीने पांढऱ्या किमोनोत किल्ल्याच्या खंदकात उडी घेतली. मरताना ती म्हणाली, "बर्फ वितळेल, पण माझं पाणी गोठणार नाही." याचा अर्थ मला आजवर लागलेला नाही. त्यांनाही लागला नव्हता.

गाव मात्र ढसाढसा रडला. लढाई न करता शरण गेलेल्या गावाला कुणीतरी लाज राखणारं हवंच होतं. खंदकाशी फुलं दिसायला लागली. मग नगरपालिकेने पाटी लावली, ओरित्सुने इथे उडी घेतली म्हणून. मग स्टेशनसमोरच्या दुकानात ओरित्सु-पाव आले, आत गोड डाळीचं पुरण आणि वर पांढरी साखर. मठामागची जुनी थडगी हलवताना एक बिननावाचं थडगं निघालं, बाईचंच असावं असं ठरलं, आणि मठातले गुरुजी म्हणाले की ही दुसरी कोण असणार? त्यांनी तिला मरणानंतरचं नाव दिलं, तेही वरच्या मानाचं. तसलं नाव बापाला मिळावं म्हणून आमच्याकडे लोक शेत विकतात. माझ्या धुण्यासाठी गुरुजी मंत्र म्हणतात, असं मी म्हणायची आणि हे पोट धरून हसायचे. पुढे दर ऑक्टोबरात उत्सव सुरू झाला. शाळेतली एक देखणी मुलगी निवडायची, तिला पांढऱ्या किमोनोत नटवायची आणि तिच्या हातून खंदकात बाहुली सोडायची. मास्तर पहिल्या रांगेत आणि भाषणही त्यांचंच. त्यांना आवडायचं हो ते. बाकी कादंबऱ्या माळ्यावर उंदरांनी खाल्ल्या, ही एक गावाने खाल्ली. लेखकाला आणखी काय हवं असतं!

ते शाळेतून निवृत्त झाले त्या वर्षीच्या उत्सवात कुरा आजी भेटली. वरच्या अंगाला कामिगो नावाची वाडी आहे, तिथली ही म्हातारी दर साली अळंबी विकायला खाली येऊन बसायची. डोळे तेव्हाच अधू झाले होते. भाषण आटोपून हे तिच्यासमोर वाकले.

"आजी, अळंबी कशी दिली?"

"अळंबी राहू द्या मास्तर. आधी मला सांगा, खंदकात मेली ती कुणाची मुलगी?"

"ओरित्सु? तिचं काय..."

"कुठल्या घरातली? बापाचं नाव काय?"

यांनी मान खाजवली. "आजी, कादंबरी आहे ती."

"अस्सं. म्हणजे जी नव्हतीच त्या बाईला फुलं आणि बाजा, आणि आमची होती ती माणसं नदीकाठी पडलीत, तिथं कुणी थुंकायलाही येत नाही. छान! घ्या अळंबी, फुकट घ्या. तुमचा उत्सव आहे."

कामिगोचे नऊ चोर आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहेत. दुकानातून काही नाहीसं झालं की लोक विचारतात, "कामिगोवाला येऊन गेला का?" गड शरण गेला त्या वर्षी सरकारी कोठारातलं धान्य लुटलं म्हणून नऊ जणांची नदीच्या वाळवंटात मुंडकी उडवली, एवढंच आम्हाला शाळेत सांगितलेलं. यांनीही तेच शिकवलं होतं. पुढे डिसेंबरात हे कामिगोला तिच्या घरी गेले, तेव्हा कुरा आजीने सांगितलं ते वेगळं. बादशहाच्या निरोप्याला वाटेत कुणीतरी गोळी घातली होती. जिंकलेल्यांनी गुन्हेगार मागितले. गोळी घालणारे बड्या घरांतले होते, म्हणून ओझी वाहायला धरून आणलेले कामिगोचे नऊ शेतकरी पुढे ढकलले, आणि नंतर कुणी तोंड उघडू नये म्हणून त्यांना चोर ठरवलं. त्यातला यासुके हा कुरा आजीचा आजा. थडगं बांधायला बंदी होती. तेव्हा नऊ घरांनी नदीतले नऊ दगड निवडले, ज्याच्या त्याच्या घराची खूण तळाच्या बाजूला कोरली, आणि कुणाच्या लक्षात येऊ नये असे ते वाळवंटात पालथे मांडले. यासुकेच्या दगडाला कोंबडीच्या पायासारख्या तीन रेघा होत्या.

"मग ते दगड कुठे गेले?" यांनी विचारलं.

"पुरासाठी बांध घातला तेव्हा वाळवंट उकरलं. तुमच्या गावच्या बायकांनी नेले," आजी म्हणाली. "चांगले गोल आणि जड होते. लोणच्याला झकास."

त्या दिवशी हे घरी आले ते चपला न काढता थेट मागच्या पडवीत, पिंपापाशी.

"किनुए, हा दगड उलटा कर."

"डोकं फिरलंय का? डिसेंबर चाललाय."

"फक्त बघायचंय. मी काय परका आहे?"

"लोणच्याला आहात."

ते वसंतापर्यंत थांबले. पिंप रिकामं झालं, मी दगड धुवायला काढला आणि त्यांनी तो दोन्ही हातांनी पालथा केला. तीन रेघा होत्या. सासूबाईंचा तो दगड, त्याच्याखाली मी किती मुळे दाबले असतील! मी हात धुतले आणि पुन्हा धुतले, का ते माझं मलाच कळेना.

त्यांनी तो दगड उचलून कामिगोला नेला. म्हातारीने खुणेवरून बोटं फिरवली, गाल लावला, आणि परत यांच्या हातात दिला. "चोराचा दगड घरात ठेवून काय करू? माझ्या नातींची लग्नं मोडली ती यापायी. आधी त्याचं नाव धुऊन द्या, मग दगड आणा." म्हणून तो परत आमच्याकडे आला. दुसरा दगड मिळेपर्यंत मी तोच वापरला. लोणचं कुणासाठी थांबत नाही.

त्यानंतरचा उन्हाळा मास्तर दारोदार फिरले. "वहिनी, तुमच्या पिंपावरचा दगड जरा बघू का?" बायका तोंडावर हात धरायच्या आणि हे वळले की फिदीफिदी हसायच्या. मास्तर निवृत्त झाले आणि सटकले, असं सगळीकडे झालं. दोन घरांत आणखी दोन खुणा सापडल्या, आणि त्या घरच्या बायकांनी दुसऱ्या दिवशी ते दगड कुठे टाकले ते अजून कुणाला माहीत नाही. ओबोनाईंच्या साकेच्या भट्टीत मोठी पिंपं आहेत, त्यांच्यावर तसेच गोल, जड चार-पाच दगड मी स्वतः पाहिले होते. ओबोनाई कान्जिरो म्हणजे गावातलं बडं प्रस्थ, उत्सव समितीचा अध्यक्ष. त्याचा पणजोबा सरदाराचा कारभारी होता, निरोप्याला कुणी मारलं हे ज्यांना ठाऊक होतं त्यांतला एक. ओबोनाईने यांना चहा दिला, केक दिला, गाडीने घरी सोडलं. पिंपाजवळ फिरकू दिलं नाही.

मग यांनी पुस्तक लिहायला घेतलं. चार वर्षं लागली. त्यात एकही उडी नव्हती, एकही पांढरा किमोनो नव्हता. नऊ माणसं, त्यांची घरं, त्यांची नावं, त्यांनी काय ओझं वाहिलं, कुठल्या दिवशी कुठे मेली, एवढंच. वर्तमानपत्राने छापायला नकार दिला, तेव्हा आम्ही आमच्या पैशांनी छापलं आणि घरोघर वाटलं. लोक रस्त्यात थांबवून कौतुक करायचे.

"मास्तर, काय कल्पना आहे हो! दगडाच्या खाली खूण! तुम्हालाच सुचणार."

"सुचलं नाही, आहे ते. माझ्या घरी या, दाखवतो."

"अगदी खरं वाटतं वाचताना."

लांडगा आला रे आला म्हणणाऱ्या पोराची गोष्ट आमच्या शाळेतही आहे. फरक एवढाच की त्या पोरावर निदान रागावले होते लोक. आमच्या मास्तरांचं कौतुक झालं. सार्वजनिक वाचनालयात मी डोळ्यांनी पाहिलं, ओरित्सु स्थानिक इतिहासाच्या फडताळात आणि नऊ माणसं कादंबऱ्यांच्या. मी तिथल्या बाईंना म्हटलं की अदलाबदल करा. त्या गोड हसल्या. "मास्तर कादंबरीकारच ना?"

हे सगळं त्यांनी सहन केलं. पोटात दुखायचं तेही सहन केलं, आणि ते फार उशिरा सांगितलं. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून पोटात काय वाढतंय ते सांगितलं. मी यांना सांगितलं नाही, आणि यांनीही विचारलं नाही. आमच्याकडे असंच असतं. पण तेव्हापासून त्यांना एकच ध्यास लागला, की कामिगोची नऊ नावं गावात कुठेतरी अशी लिहिली जावीत की ती कादंबरी आहे असं कुणाला म्हणता येणार नाही.

नेमका तेव्हा ओबोनाई घरी आला, खरबूज घेऊन. टोकियोचे टीव्हीवाले ओरित्सुवर मालिका काढणार होते. समितीने ठरवलं होतं की किल्ल्याच्या बागेत मास्तरांच्या नावाची शिळा उभारायची. आमच्या देशात लेखक मोठा झाला की त्याच्या चार ओळी दगडात कोरतात. बहुतेकांच्या नशिबी ते मेल्यावर येतं.

"जिवंतपणी शिळा म्हणजे केवढा मान, मास्तर!" ओबोनाई म्हणाला. "ग्रॅनाइट आहे, समुद्रापलीकडून मागवलाय."

"ओळी मी निवडणार," हे म्हणाले.

"अर्थात. तुमच्याच ओळी."

यांनी आतून कागद आणला. तो आधीच लिहून ठेवलेला होता. 'ओरित्सु मी रचली. हे नऊ जण होते.' आणि खाली नऊ नावं, पहिलं यासुकेचं.

ओबोनाईने कागद दोन्ही हातांनी घेतला, कपाळाशी नेला, सावकाश वाचला. चेहऱ्यावरची माशी हलली नाही. मग तो चटईवर कपाळ टेकेपर्यंत वाकला. "मास्तर, आम्ही यावर अगदी मनापासून विचार करू."

आमच्या गावात 'विचार करतो' म्हणजे नाही. वाणी उधार द्यायचं नसलं की विचार करतो. मुलीच्या बापाला स्थळ नको असलं की तो मनापासून विचार करतो. आणि जितकी कंबर खाली वाकेल तितका नकार पक्का. चालायला लागलेल्या पोराला हे कळतं. या माणसाने आपल्या कादंबऱ्यांतून शंभर कारभाऱ्यांच्या तोंडी हेच वाक्य घातलं होतं, आणि तेच वाक्य घेऊन ते माझ्याकडे आले, लहान मुलासारखे खूश.

"किनुए, त्याने मानलं."

"अहो, तो नाही म्हणाला."

"तू दाराआड होतीस, तुला ऐकू आलं नाही. मनापासून म्हणाला तो."

"मनापासून नाही म्हणाला."

"तुला सगळ्यांच्यात खोटच दिसते. एकदा तरी माणसावर विश्वास ठेव."

मरणाऱ्या माणसाशी किती भांडायचं? मी खरबूज कापायला घेतलं. ते मात्र तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी कामिगोला निरोप धाडला, आजी, अनावरणाला या, टॅक्सी पाठवतो, तुमच्या यासुकेचं नाव पहिलं आहे.

अनावरण उत्सवाच्याच दिवशी ठेवलं होतं. ऊन छान पडलेलं. शाळेचा बँड, पांढऱ्या किमोनोतली त्या वर्षीची ओरित्सु, आणि टोकियोची नटी, तीही पांढऱ्या किमोनोत. बागेत ज्याला त्याला माझं धुणं दिसत होतं, आम्हा दोघांना सोडून कुणाला माहीत नव्हतं एवढंच. यांना चाकांच्या खुर्चीत बसवून आणलं. अंगावर लग्नातला काळा किमोनो, त्यात आता दोन तोकुजी मावले असते. कुरा आजी पहिल्या रांगेत माझ्या शेजारी. डोळे तोवर पूर्ण गेले होते. तिने केसांना तेल लावलं होतं आणि घराची खूण पाठीवर विणलेला सणाचा अंगरखा घातला होता, त्या तीन रेघा सगळ्या गावाकडे पाठ करून.

कापड ओढलं. टाळ्या झाल्या. 'बर्फ वितळेल, पण माझं पाणी गोठणार नाही.' खाली तोकुजी शिबुए. अक्षर फार सुंदर होतं, गुरुजींनीच लिहून दिलं होतं.

ओबोनाई ध्वनिक्षेपकावर म्हणाला की मास्तरांच्या नव्या ओळींवर समितीने मनापासून विचार केला, पण गावाचं काळीज याच ओळीत आहे. मग तो यांच्याकडे वळला आणि वाकला. सगळी समिती वाकली, नटी वाकली, बँडची पोरं वाकली. मी यांच्याकडे बघत होते. मला वाटलं आता तरी हा माणूस उठेल, ओरडेल, थुंकेल. सगळा गाव वाकलेला असताना खुर्चीतला माणूस काय करतो? तो वाकला. खुर्चीतल्या खुर्चीत, गुडघ्यांना कपाळ लागेल इतका. जन्मभराची सवय, दुसरं काय!

आणि मग कुरा आजी उठली. कुणी हात दिला म्हणून नाही, स्वतःच चाचपत शिळेपाशी गेली आणि दोन्ही तळवे तिच्यावर टेकले. कॅमेरे लगेच धावले, आंधळी म्हातारी ओरित्सुला वंदन करते आहे म्हणून.

"किती खोल कोरलंय," ती म्हणाली. "मास्तर, यासुके कुठल्या ओळीत आहे?"

हे तिच्यापासून दोन हातांवर होते. अख्ख्या गावाला ज्यांनी एक खोटी बाई दिली, पाटी, पाव, उत्सव आणि थडग्यासकट, त्यांना एका आंधळ्या म्हातारीला एवढंच म्हणायचं होतं की पहिल्या ओळीत, आजी. ती सुखाने घरी गेली असती. मीसुद्धा मनात म्हणत होते, बोला, एवढं एक बोला.

"इथे तो नाही, आजी," ते म्हणाले. "एकही नाही. दुसरंच आहे."

तिने हात मागे घेतले, अंगरख्याला पुसले.

"मग मला एवढ्या लांब कशाला बोलावलंत?"

ओबोनाईच्या माणसाने तिला अदबीने टॅक्सीत बसवलं आणि हातात ओरित्सु-पावांचा डबा दिला.

घरी जाताना पुलावर आल्यावर हे म्हणाले, "ग्रॅनाइट चांगला आहे, नाही?"

"असेल."

"पाचशे वर्षं टिकेल." आणि मग, "तू बरोबर होतीस. तो नाही म्हणाला होता."

लग्नानंतर पहिल्यांदा त्यांनी मला बरोबर म्हटलं, आणि मला ते नको होतं.

नव्या वर्षात मी पिंप उघडलं. त्यांनी एक फोड मागितली, तोंडात धरून चोखली आणि माझ्या हातावर परत काढून ठेवली, गिळवत नव्हतं. त्याच महिन्यात ते गेले. ओबोनाईने मठामागची जागा मिळवून दिली, ओरित्सुच्या शेजारची. तिथे नको म्हणून मी त्याच्या घरी जाऊन सांगितलं. तो मनापासून विचार करतो म्हणाला. गुरुजींनी यांना मरणानंतरचं नाव दिलं त्यातही ओरित्सुचं अक्षर घातलं, त्यांना बरं वाटेल म्हणून. यांच्या नावाशेजारी माझं कोरलंय. मी जिवंत आहे म्हणून ते लाल रंगाने भरलेलं आहे, मेले की रंग खरवडतील. म्हणजे एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला माझं धुणं, मध्ये मास्तर.

बर्फ वितळायच्या आत कुरा आजीही गेली. तिच्या मुलाला मी फोन केला, तो शहरात असतो. म्हटलं, तुमच्या पणजोबांचा दगड आहे माझ्याकडे. तो म्हणाला, "बाई, पाया पडतो, ते जुनं उकरू नका. आता कुठे पोरीचं लग्न जमतंय." वाडीतलं घर कुलूपबंद. मग मी पिंपाला सहकारी दुकानातलं प्लॅस्टिकचं वजन आणलं. एप्रिलात तो दगड ढकलगाडीवर घालून नदीवर नेला आणि बांधाच्या पायथ्याशी, वाळवंट होतं तिथे, मांडला. खूण वर करून. लपवायचं काही उरलं नव्हतं. फुलं ठेवली. मला मंत्र येत नाहीत, म्हणून नऊ नावं म्हटली.

पुढच्या आठवड्यात गेले तर फुलं होती, दगड नव्हता. मला वाटलं पाण्याने नेला असेल, पण पाणी तितकं चढलंच नव्हतं.

या जानेवारीत शेजारच्या मासुनोने चहाला बोलावलं. मासुनो मनाने चांगली आहे. नवरा गेल्यापासून मी एकटीच खाते म्हणून तिच्या जिवाला घोर. तिने चहाबरोबर मुळ्याच्या फोडी ठेवल्या, पातळ, पिवळ्याधमक, नुसत्या बघूनच तोंडाला पाणी सुटावं अशा.

"या वर्षीचं लोणचं बघ कसं उतरलंय," ती म्हणाली. "दगड बदलला ना. नदीवर पडला होता, अगदी बांधापाशी. असा गोल आणि जड, पूर्वीच्या लोकांकडे असायचे तसला. कुणी तरी त्याच्यावर रेघोट्या ओढल्या होत्या, त्या खाली केल्या."

मी पेला खाली ठेवला. "मासुनो, मला बघू दे तो."

"आत्ता? वेड लागलंय का वहिनी? अजून अर्धं पिंप तसंच आहे त्याच्याखाली. परक्याचा हात लागला की..."

"त्याचं नाव यासुके आहे."

"कुणाचं?"

"दगडाचं."

ती खो खो हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "मास्तरांची बायको शोभतेस हं! काय कल्पना आहे!" आणि तिने माझ्या बशीत आणखी दोन फोडी वाढल्या.

मी खाल्ल्या. खोटं कशाला बोलू, चव फार चांगली होती.